विजेवरची गाडी घरी आली, आता वीजयोजना कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात विजेवरची गाडी नुकतीच आली आहे आणि ती महिन्याला साधारण हजार किलोमीटर चालेल. वीज पुरवणाऱ्या कंपनीने तीन योजना समोर ठेवल्या आहेत. पहिलीत चोवीस तास सरसकट एकच दर, दुसरीत रात्री स्वस्त आणि दिवसा महाग, तिसरीत दर तासाला वेगळा दर. ओळखीतले सगळे म्हणतात, गाडी आहे ना, मग रात्रीची योजना डोळे झाकून घ्या. घ्यावी का?

बहुतेक घरांसाठी उत्तर 'हो' असंच निघतं, पण डोळे उघडे ठेवून. लोकांची बिलं तपासून सल्ला देणं हे माझं काम. त्यात एक गोष्ट सतत दिसते ती म्हणजे हिशेब फक्त गाडीचा मांडला जातो. गाडीची युनिटं निम्म्या दरात पडणार एवढं सगळ्यांना दिसतं. त्याच योजनेत फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन, संध्याकाळचा स्वयंपाक आणि दिवे यांची युनिटं महाग झालेली असतात, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. योजना अख्ख्या घराला लागू होते, म्हणून हिशेबही अख्ख्या घराचाच करायला हवा.

तो इथे करून दाखवतो. दर कुठल्या चलनात न सांगता नुसत्या गुणांत सांगतो, म्हणजे हाच हिशेब कुठल्याही बिलाला लावता येईल. सरसकट योजनेत एका युनिटला १०० गुण धरा. दिवस-रात्र योजनेत रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत ५० गुण आणि बाकीच्या वेळी १२५. गाडी येण्यापूर्वी घराचा वापर महिन्याला २५० युनिट होता, त्यातली ५० युनिट या सात तासांतली. हा २० टक्के वाटा कुठून आला? चोवीसातले सात तास म्हणजे २९ टक्के. एखादं घर चोवीस तास एकसारखी वीज घेत असतं तर रात्रीचा वाटा बरोबर तेवढा भरला असता. माणसं झोपतात, म्हणून तो त्याहून कमी असतो. रात्रभर एसी किंवा विजेचा हीटर चालणाऱ्या घरात मात्र तो बराच वर जातो, आणि अशा घराचा निकाल गाडीशिवायही वेगळा लागू शकतो.

आधी गाडीविना घर. सरसकट योजनेत २५० युनिटांचे २५,००० गुण. दिवस-रात्र योजनेत दिवसाच्या २०० युनिटांचे २५,००० आणि रात्रीच्या ५० युनिटांचे २,५००, एकूण २७,५००. म्हणजे योजना बदलली की गाडीने एक किलोमीटर कापण्याआधीच महिन्याला २,५०० चा खड्डा पडतो. गाडीने वाचवलेले पहिले गुण हा खड्डा बुजवण्यातच जातात.

आता गाडी. मध्यम आकाराची गाडी शंभर किलोमीटरला बॅटरीतून १५ युनिटांच्या आसपास घेते. छोटी आणि हलकी गाडी १२ वर भागवते, मोठी एसयूव्ही किंवा कडाक्याच्या थंडीतला प्रवास २० च्या वर जातो. पण बॅटरीत किती पोचली याच्याशी मीटरला कर्तव्य नाही, भिंतीतून किती निघाली तेवढं तो मोजतो. घरच्या चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज वाटेत उष्णता होऊन जाते. त्यामुळे हजार किलोमीटरला बॅटरीतून १५० युनिट लागत असतील तर मीटरवर साधारण १७० पडतात. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा धरून केलेला हिशेब त्यामुळे नेहमी थोडा गोड निघतो.

१७० युनिट सगळी रात्री घेतली तर ८,५०० गुण, सरसकट दराने १७,०००. गाडीवर वाचले ८,५००, घरावर गेले २,५००, हाती राहिले ६,०००. एकूण बिल ४२,००० वरून ३६,००० वर आलं, म्हणजे साधारण १४ टक्के बचत. चांगली आहे, पण 'निम्म्या दरात चार्जिंग' ऐकून मनात जे चित्र उभं राहतं त्याच्या मानाने माफक आहे.

तीच गाडी महिन्याला अडीचशे किलोमीटरच चालली तर? मीटरवर ४२-४३ युनिट, त्यावर वाचले जेमतेम २,१००, आणि खड्डा तर २,५०० चा. म्हणजे गाडी असूनही सरसकट योजना स्वस्त. या उदाहरणात ५० युनिटांवर, म्हणजे महिन्याला सुमारे ३०० किलोमीटरवर दोन्ही योजना बरोबरीत येतात. एक बारकावा इथे सुटतो: मोजायचे ते घरी भरलेले किलोमीटर. ऑफिसात किंवा महामार्गावरच्या जलद केंद्रावर भरलेली वीज या हिशेबात येतच नाही. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवूनही घरी क्वचितच चार्ज करणारे लोक आहेत, त्यांना रात्रीच्या योजनेचा काही उपयोग नाही.

आपल्या दरांसाठी हा बरोबरीचा बिंदू काढायला एक साधं सूत्र पुरतं. दिवसाच्या दरातून सरसकट दर वजा करा. त्याला दिवसाचा दर वजा रात्रीचा दर या फरकाने भागा. वरच्या आकड्यांत २५ भागिले ७५, म्हणजे एक तृतीयांश. घर आणि गाडी मिळून एकूण वापरातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग स्वस्त तासांत जात असेल तरच दिवस-रात्र योजना घ्यावी. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, दोन्हीकडे सारखा असेल तर एवढ्यावर काम होतं. तो वेगळा असेल तर फरक महिन्याच्या हिशेबात सरळ मिळवा. जाहिरातीत रात्रीचा दर ठळक छापतात, स्थिर आकार तळाशी बारीक अक्षरात असतो.

रात्रीचा वाटा कळायला स्मार्ट मीटर असेल तर सोपं आहे, कंपनीच्या ॲपवर किंवा खात्यावर पंधरा मिनिटांचा, अर्ध्या तासाचा नाहीतर तासाचा वापर मिळतो. नसेल तर आठवडाभर झोपताना आणि उठल्यावर मीटरचा आकडा वहीत लिहा. एवढी मेहनत कुणी करत नाही, आणि मग दोन-तीन वर्षं चुकीच्या योजनेत काढतात.

आता 'रात्र म्हणजे स्वस्त' या गृहीतकाबद्दल. ते आलं कोळशाच्या आणि अणुवीज केंद्रांच्या काळातून. ही केंद्रं संध्याकाळी बंद करून सकाळी परत चालू करणं परवडत नाही. रात्री मागणी पडली तरी ती चालत राहतात, म्हणून ती वीज कुणीतरी वापरावी यासाठी दर उतरवले गेले. ब्रिटनमध्ये १९७८ साली आलेली 'इकॉनॉमी ७' योजना याच विचारातली. नावातला सात हा आकडा रात्रीच्या सात तासांचा, आणि योजना मुख्यतः रात्री विटा तापवून दिवसभर उष्णता सोडणाऱ्या हीटरांसाठी होती. गाड्या फार नंतर आल्या आणि त्या तयार चौकटीत जाऊन बसल्या.

सौरऊर्जा वाढली तशी ही चौकट हलू लागली आहे. कॅलिफोर्नियाच्या वीजजाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने २०१३ सालीच एक आलेख काढला होता. त्यात सौर आणि वाऱ्याची वीज वजा करून उरलेल्या मागणीची रेषा दुपारी खोल बसते आणि सूर्य मावळताच सरळ उभी चढते. त्या आकारामुळे त्याला 'बदकाचा आलेख' म्हणतात. जिथे सौरवीज भरपूर आहे तिथे स्वस्त तास दुपारकडे सरकत आहेत आणि संध्याकाळ सगळ्यात महाग होत चालली आहे. भारताच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक-हक्क नियमांतही हीच दिशा आहे: सौर तासांतला दर नेहमीच्या दराहून निदान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांतला दर घरगुती ग्राहकांसाठी निदान १.१ पट. स्पेनमध्ये मात्र २०२१ पासून मध्यरात्र ते सकाळी ८ हे स्वस्त तास आहेत, शिवाय शनिवार-रविवार आणि राष्ट्रीय सुट्ट्या पूर्ण दिवस स्वस्त.

म्हणून योजनेचं नाव न वाचता तिचे तास वाचा, आणि त्या तासांत गाडी कुठे उभी असते ते पाहा. दुपारी १२ ते ४ स्वस्त असेल आणि गाडी तेव्हा ऑफिसच्या तळघरात असेल, तर ती स्वस्ताई तुमच्या कामाची नाही. घरून काम करणाऱ्याला किंवा निवृत्त माणसाला तीच योजना फार सोयीची पडेल. तास बदलण्याचा अधिकार कंपनीने करारात स्वतःकडे ठेवला आहे का, हेही पाहून ठेवा. पुढच्या काही वर्षांत हे तास बऱ्याच ठिकाणी सरकणार आहेत.

चार्जर किती वेगाचा घ्यावा, हा प्रश्न लोक वेगळा समजतात. तो योजनेच्या निवडीतच बसतो. साध्या सॉकेटवर १० अँपियरने, म्हणजे सुमारे २.३ किलोवॅटने गाडी लावली तर सात तासांत भिंतीतून १६ युनिट जातात आणि त्यातली १३-१४ बॅटरीत पोचतात. एवढ्यात ९० किलोमीटर निघतात. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे रोज तेहतीसच, त्यासाठी रोज अडीच तास पुरतात. ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवल्याशिवाय रात्रीची योजना घेता येत नाही हा समज त्यामुळे बहुतेकांसाठी चुकीचा आहे. स्वस्त खिडकी चारच तासांची असेल, घरात दोन गाड्या असतील किंवा दर तासागणिक बदलत असेल, तर मोठ्या चार्जरला अर्थ आहे. मंद चार्जिंगचा एक तोटा मात्र खरा आहे. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी राहतात आणि तीही थोडी वीज खातात. तासन्‌तास मंद चार्जिंग केलं की हा वाटा मोठा होत जातो, म्हणून सॉकेटवरची गळती चार्जरपेक्षा थोडी जास्त असते.

सॉकेटवर लावणार असाल तर त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी सहा-सात तास सलग पूर्ण भार ओढते. सैल स्क्रू असलेला जुना सॉकेट एवढ्यात वितळतो.

आता उलट बाजू. काही ठिकाणी बिलात युनिटांखेरीज भाराचाही आकार असतो, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट ओढले याचे पैसे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जानेवारी २०२३ पासून दर महिन्यातली सगळ्यात जड पंधरा मिनिटं पाहतात, अशा बारा महिन्यांच्या शिखरांची सरासरी काढतात आणि त्यावर वीजजाळ्याचा आकार लावतात. कितीही कमी वापर असला तरी निदान २.५ किलोवॅट धरलेच जातात. तिथे ७.४ किलोवॅटचा चार्जर आणि ओव्हन एकाच वेळी पंधरा मिनिटं चालले की त्या महिन्याचं शिखर दहाच्या आसपास जातं, आणि त्या एका संध्याकाळचा परिणाम वर्षभराच्या सरासरीत राहतो. अशा योजनेत गाडी हळू आणि सावकाश भरणं हेच शहाणपणाचं. चार्जरचा वेग ॲपमधून कमी करता येतो, किंवा घराचा एकूण भार पाहून आपोआप मागे हटणारा चार्जर मिळतो.

जिथे असा आकार नाही तिथेही मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढता येतील ही मर्यादा, असतेच. मोठा चार्जर बसवून मंजूर भार वाढवला की बऱ्याच ठिकाणी स्थिर आकारही वाढतो, गाडी चालवा किंवा न चालवा. स्पेनची पद्धत मला आवडते. तिथे गर्दीच्या तासांसाठी आणि स्वस्त तासांसाठी वेगवेगळा भार मंजूर करून घेता येतो. गाडीवाला दिवसा कमी भार ठेवतो आणि रात्री जास्त.

स्लॅबचे दर हा वेगळाच सापळा. टप्प्याटप्प्याने दर चढत असतील तर गाडीची युनिटं घराच्या युनिटांच्या वर रचली जातात आणि महागड्या टप्प्यांत जाऊन पडतात. समजा पहिल्या १०० युनिटांना ६० गुण, १०१ ते ३०० ला १०० आणि ३०० च्या वर १५०. घराच्या २५० युनिटांचे २१,००० गुण होतात. गाडीची १७० आली की त्यातली ५० मधल्या टप्प्यात आणि १२० वरच्या टप्प्यात जातात. त्यांचे २३,००० गुण, म्हणजे गाडीचं युनिट १३५ ला पडलं. एकूण बिल भागिले एकूण युनिट केलं तर मात्र १०५ येतात. लोक हा १०५ चा आकडा घेऊन पेट्रोलशी तुलना करतात आणि गाडी आहे त्यापेक्षा स्वस्त धरून चालतात. कुठल्याही योजनेत गाडीचा खर्च काढताना एकच प्रश्न विचारा: गाडी नसती तर बिल किती आलं असतं? उरलेला सगळा फरक गाडीचा.

काही ठिकाणी गाडीसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर मिळतो. चढत्या स्लॅबच्या व्यवस्थेत तो बहुधा फायद्याचा ठरतो, कारण गाडी घराच्या डोक्यावरून उतरते. त्याबदल्यात दुसरा स्थिर आकार आणि मीटर बसवण्याचा खर्च येतो. गाडी थोडीच चालत असेल तर हा खर्च भरूनच निघत नाही.

तिसरी योजना, तासागणिक दराची. युरोपात असा दर आदल्या दिवशी दुपारी बाजारात ठरतो आणि लगेच जाहीर होतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथला घाऊक दर पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत ठरू लागला आहे. वारा जोरात असला किंवा रविवारी ऊन कडक असलं की घाऊक दर शून्याच्या खालीही जातो. अशा दिवशी आपल्याला गाडी भरण्याचे पैसे मिळतील, अशी आशा मात्र ठेवू नका. घरच्या बिलात वीजजाळ्याचा आकार आणि कर वरून असतातच. घाऊक दर उणे गेला तरी हातातला दर सहसा शून्याच्या वरच राहतो.

ही योजना कुणाला जमते? ज्याच्या गाडीला थांबता येतं त्याला. बॅटरी ५० युनिटांची आणि रोजचा वापर पाच-सहा युनिटांचा असेल तर दोन-तीन महाग दिवस गाडी न लावता सहज निघतात. वारा सुटला की भरायची. घरातलं दुसरं कुठलंही यंत्र एवढी वीज घेत नाही आणि एवढं थांबतही नाही. फ्रीज थांबू शकत नाही, धुण्याचं मशीन थांबू शकतं पण त्याचं एक-एक युनिट हलवून हाती काय लागणार? रोज दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याची गाडी रोज रात्री भुकेली असते. त्याने तासागणिक दराच्या नादी लागू नये, त्याला पक्की रात्र बरी.

जोखमीचं काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये हिमवादळ आलं, केंद्रं बंद पडली आणि घाऊक वीज मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ९,००० डॉलर या कमाल मर्यादेला जाऊन भिडली. म्हणजे एका युनिटला ९ डॉलर. घाऊक दर जसाच्या तसा ग्राहकाला लावणाऱ्या योजनेतल्या लोकांना थोड्या दिवसांत हजारो डॉलरची बिलं आली. गाडी थांबवता येते, पण शून्याखालच्या थंडीत घराचं हीटिंग थांबवता येत नाही. म्हणून तासागणिक दर घेण्यापूर्वी कमाल मर्यादा लिहिलेली आहे का ते बघा, आणि घर विजेवर तापत असेल तर ही योजना मी सहसा सुचवत नाही.

फ्रान्सची 'टेम्पो' योजना दिवस-रात्र दर आणि तासागणिक दर या दोहोंच्या मधली आहे, आणि हुशारीने रचलेली आहे. वर्षातले ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. लाल दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळातच येतात, शनिवार-रविवारी येत नाहीत, आणि उद्याचा रंग आज कळतो. लाल दिवशी दिवसाचा दर अंगावर येईल इतका चढतो, त्याबदल्यात निळे दिवस स्वस्त. घर गॅसवर तापत असेल आणि गाडी विजेची असेल तर हे छान जमतं. घर विजेवर तापत असेल तर त्या २२ दिवसांत वर्षाची बचत उडू शकते.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. गाडी संध्याकाळी लावून ठेवायची, सकाळी किती वाजता किती टक्के हवी ते सांगायचं, मधल्या वेळात केव्हा भरायची ते कंपनी ठरवते. त्याबद्दल दर कमी. गाडी आठ तास उभी असते आणि तिला अडीच तासच वीज लागते, तेव्हा यात आपलं काही जात नाही. दोन गोष्टी विचारून घ्या. स्वस्त दर फक्त गाडीला की त्या वेळी चालणाऱ्या सगळ्या घराला? आणि मध्येच गाडी लागली, 'आत्ता भर' म्हटलं, तर दर कोणता? तुमची गाडी किंवा चार्जर त्यांच्या यादीत नसेल तर पुढचा प्रश्नच मिटला.

छतावर सौर पॅनल असतील तर हिशेब एका मुद्द्याभोवती फिरतो. आपली सौरवीज फुकट नसते, ती बाहेर दिली असती तर जे मिळालं असतं तेवढी तिची किंमत. बाहेर दिलेल्या युनिटाला रात्रीच्या दरापेक्षा जास्त मिळत असेल तर दुपारची वीज बाहेर जाऊ द्या आणि गाडी रात्री भरा. कमी मिळत असेल तर दुपारी गाडीत घाला. यात एक तांत्रिक अडचण आहे: चार्जिंगच्या प्रमाणकानुसार गाडी ६ अँपियरच्या खाली चार्ज होत नाही. सिंगल फेजवर हे सुमारे १.४ किलोवॅट होतात, थ्री फेजवर ४.१. लहान पॅनल आणि थ्री फेजचा चार्जर असेल तर 'फक्त उन्हावर' चार्जिंग ढगाळ दिवशी सुरूच होत नाही.

दर पक्का बांधावा की बदलता ठेवावा, यावर फार बोलणार नाही. बऱ्याच बाजारांत विजेचा भाव गॅसवर चालणाऱ्या केंद्रांवरून ठरतो, आणि गॅसचा भाव कुणाच्या हातात नसतो. २०२१-२२ मध्ये युरोपात तो चढला तेव्हा पक्का दर बांधलेल्यांना शांत झोप लागली. भाव उतरू लागले की तेच लोक करारातून सुटण्याचा आकार किती ते शोधत बसतात. तो आकार आधीच पाहिलेला बरा, विशेषतः गाडी वर्षभरात बदलायची असेल किंवा घर भाड्याचं असेल तर.

योजना बरोबर निवडूनही बचत होत नाही, अशा तक्रारीत कारण बहुधा घड्याळाचं निघतं. एक म्हणजे वेळ गाडीतही लावलेली असते आणि चार्जरच्या ॲपमध्येही. दोन्ही वेळा जिथे जुळतात तेवढंच चार्जिंग होतं, आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडते. मग माणूस वैतागून दोन्ही काढून टाकतो आणि गाडी संध्याकाळी सातला, सगळ्यात महाग तासात भरू लागते. वेळ एकाच ठिकाणी लावा, शक्यतो गाडीत नको, चार्जरमध्ये, म्हणजे गाडी बदलली तरी ती राहते. दुसरं म्हणजे मीटरचं स्वतःचं घड्याळ. जिथे उन्हाळी वेळ पाळतात तिथे जुने दोन-दराचे मीटर हिवाळी वेळेवरच अडकलेले असतात, म्हणजे उन्हाळ्यात स्वस्त तास एक तास उशिरा सुरू होतात आणि एक तास उशिरा संपतात. त्यासाठी अशा मीटरवर चार्जिंग खिडकीच्या अगदी काठावर न लावता एक तास आत लावा. काही चार्जर मुद्दाम थोडे उशिरा सुरू होतात, ब्रिटनमध्ये २०२२ पासून तसा नियमच आहे, दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब. बाराच्या ठोक्याला लाखो गाड्या एकदम सुरू झाल्या तर वीजजाळ्याला धक्का बसतो, म्हणून.

तुमच्यापुरतं सांगायचं तर हजार किलोमीटर सगळे घरी भरणार असाल, गाडी रात्री घरीच असेल आणि दरांतला फरक माझ्या उदाहरणाएवढा असेल, तर दिवस-रात्र योजना घ्या. घाई मात्र करू नका. पहिला महिना सरसकट दरावरच राहा, पण चार्जिंग आत्तापासून रात्री लावा. महिन्याअखेरीस तुमच्या मीटरचे खरे आकडे हातात येतील, सूत्रात घाला. उत्तर बरोबरीच्या बिंदूच्या आसपास रेंगाळत असेल तर सरसकटच ठेवा, थोडक्यासाठी रोज घड्याळ सांभाळण्यात मजा नाही. स्पष्ट फरक दिसत असेल तर बदला. तासागणिक योजनेचा विचार एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर करा, तोवर गाडी किती दिवस न भरता चालते याचा अंदाज येईल. आणि बदल लागू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मीटरचे तासावारी आकडे उघडून बघा: गाडी खरंच ११ नंतरच भरते आहे ना.